बाथरूममधले स्विच, एक्झॉस्ट फॅन आणि गीझर: बोर्ड आत घ्यावा की बाहेर?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम पूर्ण तोडून नव्याने करतोय. बिल्डिंग तीसेक वर्षांची आहे. बाथरूम चार फूट बाय साडेसहा. वर सात फुटांवर माळा, माळ्याच्या खाली खिडकी आणि खिडकीत एक्झॉस्ट फॅन.

आतापर्यंत गीझर, दिवा आणि फॅन तिघांचेही स्विच दाराबाहेर पॅसेजमध्ये होते. नवीन कंत्राटदाराचं म्हणणं, बाहेरचा बोर्ड काढून बेसिनच्या बाजूला आत आठ मॉड्यूलचा बोर्ड देतो. त्यात गीझर, फॅन, आरशावरचा दिवा आणि ट्रिमरसाठी एक सॉकेट. "हल्ली सगळे आतच घेतात, दिसायलाही छान, एमसीबी आहे ना, काही होत नाही."

सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना दाढी करताना आरशासमोर प्लग हवाय आणि मध्येच बाहेरून कुणी दिवा बंद करू नये असंही वाटतं. त्यामुळे घरात मत आतल्या बोर्डाकडे झुकलंय. मला मात्र मनातून पटत नाही. आणखी एक: पावसाळ्यात कधीकधी नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. नवरा म्हणतो भास. मेन बोर्डात एकच एमसीबी आहे आणि बाकी जुने किटकॅट फ्यूज, म्हणजे चिनी मातीच्या पकडीत तार लावलेले.

टाइल्स लावायला अजून आठवडा आहे. झिऱ्या मारायच्या आधी काय ते ठरवायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

नदीकाठ

बाहेर. एवढ्या लहान बाथरूमला दुसरं उत्तर नाही.

पॅरापेट

आमच्याकडे कल्याणला बारा मजली नवीन टॉवर आहे, बिल्डरनेच सगळे स्विच आत दिलेत. चार वर्षं झाली, कुणाला शॉक बसल्याचं ऐकलं नाही. चांगल्या कंपनीचे मॉड्युलर स्विच असतील तर इतकं घाबरायचं कारण नाही असं माझं मत.

अभियंता_निवृत्त

सोनचाफा, तुम्ही झिऱ्या मारायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं. जरा सविस्तर लिहितो, कारण "एमसीबी आहे ना" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि त्या वाक्यावर विसंबून माणसं गेलेली पाहिली आहेत.

एमसीबी माणसासाठी नसतोच. तो वायरसाठी असतो. वायरीतून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला किंवा फेज-न्यूट्रल एकमेकांना भिडले की वायर जळू नये म्हणून तो पडतो. १६ अँपिअरचा एमसीबी पडायला १६ अँपिअरपेक्षा बराच जास्त करंट लागतो. आता माणसाचं पाहा. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरा. २३० व्होल्टला त्यातून साधारण २३० मिलिअँपिअर जातील, म्हणजे पाव अँपिअरही नाही. एमसीबीच्या लेखी घरात एक दिवा जास्त लागला इतकाच त्याचा अर्थ. तो ढिम्म हलणार नाही.

शरीराचं गणित मात्र मिलिअँपिअरमध्येच चालतं. अर्ध्या-एक मिलिअँपिअरला झिणझिणी कळते. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. वीस-तीसच्या पुढे छातीचे स्नायू आवळून श्वास अडकू लागतो. पन्नास ते शंभरच्या टप्प्यात, आणि काही क्षण टिकला तर, हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहतं. म्हणजे माणूस जायला जेवढा करंट लागतो तेवढ्यात एमसीबीला काही कळतही नाही.

त्यासाठी आरसीसीबी लागतो. दुकानात अजूनही त्याला सर्रास ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो सतत पाहत असतो. फरक पडला म्हणजे कुठेतरी भिंतीतून, पाण्यातून किंवा माणसातून करंट जमिनीत जातोय. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात तोडतो, आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात. माणसाच्या संरक्षणासाठी ३० किंवा १० मिलिअँपिअरचाच घ्यायचा. १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात, पण ते आग लागू नये म्हणून असतात. काही दुकानदार "हा सारखा पडत नाही" म्हणून १०० चा गळ्यात मारतात. अजिबात घेऊ नका.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत गळतीवर तोडणाऱ्या साधनाची तरतूद आहे, २०२३ च्या नव्या नियमांतही आहे. तरीही तुमच्यासारख्या हजारो जुन्या घरांत अजून किटकॅट फ्यूजच आहेत.

पॅरापेट, तुमच्या टॉवरमध्ये चार वर्षांत काही झालं नाही याचं श्रेय बहुधा स्विचच्या कंपनीला नाही, बिल्डरने मेन बोर्डात बसवलेल्या आरसीसीबीला आहे. एकदा जाऊन बघा, "टी" लिहिलेलं छोटं बटण असलेलं उपकरण दिसेल.

पॅरापेट

बघून आलो. आहे. टी बटण दाबल्यावर घरातलं सगळं गेलं, पुन्हा चढवल्यावर आलं. हे बटण दाबायचं असतं हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

अभियंता_निवृत्त

महिन्यातून एकदा दाबत जा. वर्षानुवर्षं न हललेली आतली यंत्रणा अडकून बसू शकते. फक्त एक ध्यानात ठेवा, त्या बटणाने आरसीसीबी तपासला जातो, घरातलं अर्थिंग नाही.

रत्नांग्री

आमचं घर लांजा तालुक्यात. आमच्या वायरमनचं म्हणणं की अर्थिंगचा खड्डा नीट केला की आरसीसीबीची गरज नाही. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं केलंय. मग तरीही घ्यावा का? इथे पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते, त्यात हा आणखी पडत राहिला तर घरच्यांचा ताप.

अभियंता_निवृत्त

घ्यावाच, आणि तुमच्याकडे तर जास्तच. कारण जांभा. जांभ्या दगडात पाणी टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठाक होते आणि अर्थिंगचा रोध खूप वाढतो.

समजा उन्हाळ्यात तुमच्या खड्ड्याचा रोध २० ओहम झाला. गीझरचं एलिमेंट फुटून फेज बॉडीला लागला. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. एमसीबी १६ चा. तो पडणार नाही. गीझरची बॉडी आणि तिला लागलेला प्रत्येक धातूचा नळ जिवंत राहील, मीटर फिरत राहील आणि घरात कुणाला पत्ताही लागणार नाही. अर्थिंग "चांगलं" असून ही गत.

आता तिथेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ठेवा. बॉडीवरचं व्होल्टेज ५० च्या आत राहावं असं धरलं तर ५० भागिले ०.०३, म्हणजे अर्थिंगचा रोध सोळाशे ओहमपर्यंत गेला तरी आरसीसीबी पडेल. खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालत राहा, ते हवंच. पण भिस्त दोन्हींवर ठेवा. अर्थिंगशिवाय आरसीसीबी असेल तर माणसाने हात लावल्यावरच तो पडेल, कारण गळतीला वाट माणसातूनच मिळणार. अर्थिंग असेल तर बिघाड झाल्याक्षणी पडेल, कुणाचा हात लागायच्या आधी.

टेम्सकाठी

मी गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, इथल्या घराचं बाथरूम नुकतंच केलं. इथे भिंतीवरचा साधा स्विच बाथरूममध्ये जवळपास दिसतच नाही. दिव्याला छतातून लोंबणारी दोरी असते, ती ओढायची. ओला हात दोरीला लागतो, स्विच वर छताला. नाहीतर स्विच दाराबाहेर.

इथल्या वायरिंगच्या नियमात, बीएस ७६७१ मध्ये, बाथरूमचे विभाग पाडलेत. टबच्या किंवा शॉवरच्या थाळीच्या आतला तो शून्य विभाग. त्याच्या वर जमिनीपासून २.२५ मीटरपर्यंत पहिला. त्याच्या बाजूने ६० सेंटिमीटर दुसरा. साधे २३० व्होल्टचे स्विच या तिन्हींत चालत नाहीत. नेहमीचं सॉकेट तर पहिल्या विभागापासून अडीच मीटर लांब पाहिजे. २०२२ पूर्वी तीन मीटर होतं. इतकं मोठं बाथरूम फारच थोड्यांकडे असतं, म्हणून बहुतेकांकडे सॉकेट नसतंच, दाढीच्या मशीनसाठी आत ट्रान्सफॉर्मर असलेलं खास छोटं सॉकेट असतं. फॅन शॉवरच्या वर पहिल्या विभागात बसवायचा असेल तर बहुधा १२ व्होल्टचा घेतात आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर बाहेर ठेवतात. २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये घरातल्या विजेच्या कामावर इमारत नियमांचं कलमच आहे, त्यामुळे बाथरूममधलं काम प्रमाणपत्राशिवाय केलं तर घर विकताना अडतं.

अभियंता_निवृत्त

टेम्सकाठी, फार उपयोगी माहिती. हे विभाग मुळात आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकातून आलेत. त्यातला आपल्या कामाचा भाग असा: थाळी नसलेला, नुसता जमिनीवर पाणी पडणारा शॉवर असेल तर पहिला विभाग पाण्याच्या तोंडापासून १.२ मीटरपर्यंत सगळीकडे धरतात. १.२ मीटर म्हणजे जवळपास चार फूट. सोनचाफांचं बाथरूम चार बाय साडेसहा. शॉवर एका टोकाला असला तरी निम्म्याहून जास्त खोली पहिल्या विभागात गेली. त्यात आपण बादली-तांब्याने आंघोळ करणारी माणसं, पाणी चारही भिंतींवर उडतं. आठवड्यातून एकदा भिंती ब्रशने घासून पाइपाने धुतो. माझ्या मते आपल्याकडचं अख्खं बाथरूम पहिला विभाग धरावं आणि स्विच सरळ दाराबाहेर काढावेत.

आणि फॅनबद्दल: २.२५ मीटर म्हणजे सात फूट साडेचार इंच. माळा सात फुटांवर असेल तर त्याखालचा फॅन त्या उंचीच्या आतच आहे. म्हणून फॅन निवडताना पाण्याच्या तुषारांपासून संरक्षण असलेला, आयपीएक्स ४ लिहिलेला घ्या.

सोनचाफा

बापरे, किती नेमकं सांगताय सगळे. खूप आभार. मग सासऱ्यांच्या दाढीच्या प्लगचं काय करू? आणि बाहेरून दिवा बंद होण्याचं? मध्यंतरी ते आत असताना नातवाने खेळता खेळता दिवा बंद केला, ते अंधारात घसरता घसरता वाचले. त्यांची भीती खोटी नाही.

तगर

सोनचाफाताई, माझी आई ब्याऐंशीची आहे. आम्ही दिव्यासाठी छताला हालचाल ओळखणारा सेन्सर लावलाय. आत पाऊल टाकलं की लागतो, शेवटच्या हालचालीनंतर बऱ्याच वेळाने जातो. वेळ स्वतः ठरवता येते, आम्ही सगळ्यात जास्त ठेवलीय, कारण म्हातारी माणसं कमोडवर बराच वेळ स्वस्थ बसतात. बाहेरचा स्विच कायम चालू असतो आणि मुलांचा हात पोहोचणार नाही इतका वर घेतलाय. रात्री उठल्यावर तिला बटण शोधावं लागत नाही हा सगळ्यात मोठा फायदा.

दाढीसाठी बॅटरीवर चालणारा ट्रिमर, आणि तो चार्ज करायचा बेडरूममध्ये. वायर लावलेलं कुठलंही यंत्र बेसिनवर नकोच. हात थरथरतो, निसटलं आणि पाण्यात पडलं की माणूस प्रतिक्षिप्तपणे ते उचलायला जातो.

वायरमन_सातारा

मी स्वतः वायरिंगची कामं करतो, परवाना आहे. फॅनबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण स्विचपेक्षा फॅनची वायरिंग जास्त वाईट अवस्थेत सापडते.

बहुतेक ठिकाणी फॅनची वायर खिडकीच्या चौकटीवरून आणून दुसऱ्या वायरीला पीळ मारून जोडलेली असते आणि वर काळी टेप. बाथरूमच्या वाफेने टेपचा डिंक सुटतो. दोन पावसाळे गेले की टेप उलगडते आणि तांबं उघडं पडतं, तेही लोखंडी ग्रिलला टेकून. खिडकी पुसायला बाई स्टुलावर चढतात, ओलं फडकं हातात, दुसरा हात ग्रिलला. अशी जोड मी जिथे दिसेल तिथे पैसे न घेता बदलून देतो. जोड नेहमी बंद डबीत, स्क्रूच्या कनेक्टरमध्ये पाहिजे आणि डबीचं तोंड खालच्या बाजूला पाहिजे म्हणजे पाणी साचत नाही. बाथरूममध्ये फॅनसाठी टू-पिन सॉकेट देऊच नये.

पत्र्याच्या बॉडीचा फॅन असेल तर हिरवी अर्थिंगची वायर पाहिजेच. दुकानातून फॅन येतो, त्याला तीन वायरी असतात, आणि हिरवी कापून टाकलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली. प्लास्टिक बॉडीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशन, त्याला अर्थिंग लागत नाही. बाथरूमला मी तोच सुचवतो, गंजतही नाही.

स्विच फेजवर आहे का ते बघून घ्या. जुन्या घरात न्यूट्रल तोडणारे स्विच सापडतात. फॅन बंद दिसतो पण आत फेज उभाच असतो, पुसायला गेलात की बसला शॉक. गीझरला तर फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच लावा. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर घेतो. त्याला अडीच स्क्वेअर एमएमच्या खालची वायर नको, लांब अंतर असेल तर चारची ओढा. सॉकेटसमोर उभं राहिल्यावर, अर्थिंगचं मोठं भोक वर धरलं तर फेज उजव्या हाताला पाहिजे.

कबुतरं हा वेगळाच विषय. शहरातल्या डक्टमध्ये ती फॅनच्या मागे घरटं करतात. काड्या पात्यात अडकतात, फॅन फिरत नाही, पण स्विच चालूच. अडकलेली मोटर तापत राहते, वर धूळ आणि पिसं. वास आला तरी लोक समजतात गटाराचा. बाहेरून जाळी लावा आणि झडपा मोकळ्या उघडतात का ते वर्षातून दोनदा बघा. फॅन रात्रभर चालू ठेवून झोपू नका, टायमर लावा. आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालला की ओल जाते.

आणखी एक, फॅनला हवा आत यायला वाट लागते. दार खालून चिकट बंद असेल तर फॅन नुसता आवाज करतो. दाराखाली बोटभर फट ठेवा.

जुनी_चाळ

"हिरवी कापून टाकलेली" वाचून अंगावर काटा आला. उद्याच माळ्यावर चढून बघते.

वायरमन_सातारा

ताई, आधी मेन बंद करा. नुसता फॅनचा स्विच बंद करून हात घालू नका, न्यूट्रल तोडणारा असेल तर फेज आत असणारच. आणि शक्यतो माणूस बोलवा.

पूर्वरंग

विषय एक्झॉस्ट फॅनचा निघालाच आहे म्हणून हात जोडून सांगते, गॅस गीझर बाथरूमच्या आत लावू नका. आमच्या ओळखीत एक तरुण मुलगी अशीच गेली. दार बंद, खिडकी बंद, एक्झॉस्ट फॅन चालू होता. घरच्यांना वाटत होतं फॅन आहे म्हणजे हवा खेळतेय.

अभियंता_निवृत्त

पूर्वरंग, वाईट वाटलं वाचून. हे सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. गॅस जळायला ताजी हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर ओढतो, खोलीतला दाब कमी होतो आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळीतूनच धूर उलटा आत येऊ शकतो. म्हणजे फॅन तिथे मदत करेलच असं नाही, उलट घात करू शकतो. गॅस गीझर मोकळ्या गॅलरीत, नळी बाहेर काढूनच, आणि बाथरूममध्ये नुसता गरम पाण्याचा पाइप.

बे_एरिया

अमेरिकेतून एक भर. इथे बाथरूमच्या सॉकेटलाच गळती तोडणारं साधन असतं, टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणं सॉकेटवरच. ५ मिलिअँपिअरच्या आसपास तोडतं. बर्कलीच्या विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९६१ साली ते शोधलं. शरीराला किती करंट सोसतो यावर त्यांनीच वर्षानुवर्षं प्रयोग केले होते, हात सुटण्याच्या करंटचे आकडे तिथूनच आले. १९७५ पासून इथल्या बाथरूमना ते सक्तीचं आहे. तरी इथे १२० व्होल्टच आहे. २३० व्होल्टच्या देशात हे साधन जास्त गरजेचं.

सोनचाफा

बोर्ड बाहेर हे पक्कं झालं. सासऱ्यांना तगरताईंची सेन्सरची कल्पना ऐकवली, ते लगेच तयार झाले. कंत्राटदार मात्र कुरकुर करतोय.

आता नळाच्या झिणझिण्यांचं. तो भास नाही ना?

वायरमन_सातारा

भास नाही. असल्या तक्रारीला भास म्हणणं फार धोक्याचं. शक्यता तीन-चार आहेत.

पहिली, तुमच्याच गीझरचं एलिमेंट. बोअरचं जड पाणी असेल तर एलिमेंटवर क्षार बसतो, वरचं आवरण तडकतं आणि फेज पाण्यात उतरतो. गीझरचा प्लग काढून ठेवा. झिणझिण्या थांबल्या तर तोच.

दुसरी, भिंत. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाणी मुरतं, स्लॅबमधल्या वायरीच्या पाइपात शिरतं आणि थेट तुमच्या बोर्डात उतरतं. पावसाळ्यातच होतं म्हणालात म्हणून हा संशय मला जास्त आहे. बोर्डाची पट्टी उघडून मागे ओल, हिरवट गंज किंवा मेलेली पाल दिसते का ते माणसाकडून बघून घ्या.

तिसरी, शेजारी. जुन्या बिल्डिंगला सगळ्या मजल्यांचे लोखंडी पाइप एकमेकांना जोडलेले. वरच्याचा गीझर लीक आणि झिणझिण्या तुम्हाला. तुमचं मेन बंद केल्यावरही नळाला येत असेल तर बाहेरून येतंय, मग सोसायटीला लेखी कळवा. अशा वेळी तुमचा आरसीसीबी काहीही करू शकत नाही, कारण तो करंट त्याच्यातून गेलेलाच नसतो.

चौथी सगळ्यात घातक. अर्थिंग नसलेल्या घरात काही कारागीर थ्री-पिन सॉकेटच्या अर्थच्या पिनेला न्यूट्रलचा लूप मारतात. टेस्ट लॅम्प लावला की लागतो, गिऱ्हाइकाला वाटतं अर्थिंग झालं. पण कुठेतरी न्यूट्रल तुटला की तोच न्यूट्रल उपकरणातून फेज होऊन परत येतो आणि लूपमधून सरळ गीझरच्या बॉडीवर. गीझर बंद पडलाय म्हणून माणूस हात लावून बघायला जातो. मी सॉकेट उघडतो तेव्हा आधी हा लूप शोधतो.

तोवर त्या नळाला पायात रबरी चप्पल असल्याशिवाय कुणी हात लावू नका, आणि आजोबांना तर नकोच. चप्पल हा उपाय नाही, दोन दिवसांची सोय फक्त.

नदीकाठ

आमच्याकडे आरसीसीबी लावला, पण दिवसातून दोन-तीनदा पडायचा. शेवटी एका कारागिराने तो काढून डायरेक्ट जोडून दिला. तेव्हापासून शांत आहे, पण हा धागा वाचून झोप लागेना.

अभियंता_निवृत्त

आजच्या आज परत लावून घ्या. पडत होता म्हणजे त्याला काहीतरी दिसत होतं.

इन्व्हर्टर आहे का घरी? आपल्याकडे सगळ्यात नेहमीचं कारण तेच. इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल आणि बाकी घराचा न्यूट्रल कुठेतरी बोर्डात एकत्र जोडलेला असतो. करंट एका वाटेने जातो, दुसऱ्या वाटेने येतो, आरसीसीबीला हिशेब जुळत नाही, तो पडतो. दोन्ही न्यूट्रल शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे. दोन आरसीसीबी असतील तर प्रत्येकाच्या पुढचा न्यूट्रलही स्वतंत्र हवा.

दुसरं कारण थोडी थोडी गळती साठणं. गीझर, वॉशिंग मशीन, फ्रिज, संगणक, प्रत्येकाची एक-दोन मिलिअँपिअर. ३० चा आरसीसीबी पंधराच्या पुढे कधीही पडू शकतो, तसं मानकातच आहे. अख्ख्या घराला एक ठेवण्यापेक्षा बाथरूम आणि वॉशिंग मशीनला वेगळा दिला की बाकी घर अंधारात जात नाही. बाथरूमच्या सर्किटला १० मिलिअँपिअरचाही चालेल, मात्र जुना गीझर असेल तर तो पडत राहील. बरेच महिने न वापरलेल्या एलिमेंटने ओल धरलेली असते.

गळती नेमकी कुठे आहे ते शोधायला मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, लागतो. ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किट तपासायचं, एक मेगओहमच्या खाली आलं की त्या वायरीत किंवा उपकरणात दोष आहे.

नदीकाठ

इन्व्हर्टर आहे. धन्यवाद, उद्याच दुसरा माणूस बोलावतो.

भाडेकरू_पुणे

मी भाड्याच्या घरात आहे. मालक मेन बोर्डाला हात लावू देत नाहीत. काही करता येईल का?

वायरमन_सातारा

येतं. गीझरच्या सॉकेटच्या आधी, बाथरूमच्या बाहेर, एक छोटी डबी बसवायची आणि त्यात दोन पोलचा १० किंवा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आधी १६ अँपिअरचा एमसीबी असेलच, नसेल तर तोही. घर सोडताना काढून नेता येतं. साधारण दीड-दोन हजारांपासून चांगला मिळतो, आयएसआय खूण आणि आयएस १२६४० (आरसीसीबीचं भारतीय मानक) लिहिलेलं बघून घ्या. पाण्यात बुडवायचा रॉड वापरत असाल तर तोही याच सॉकेटवर लावा, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून बघू नका. बादली प्लास्टिकची.

तगर

कुणाला शॉक लागलेला दिसला तर आधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरडं लाकूड किंवा प्लास्टिकच्या वस्तूने वायरीपासून सोडवा, हाताने ओढू नका. बाथरूममध्ये जमीन ओली असते, तुम्हीही अडकाल. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा. घरातल्या प्रत्येकाला मेन कुठे आहे ते माहीत हवं, मुलांनासुद्धा.

सोनचाफा

काल परवानाधारक माणूस येऊन गेला. गीझरचा प्लग काढला तरी झिणझिण्या होत्या, आमचं मेन बंद केल्यावर थांबल्या. जुन्या बाहेरच्या बोर्डाच्या मागे भिंत ओलीच होती आणि दोन वायरींचं आवरण कुजून गेलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावून दाखवलं, ते त्यांचं बाथरूम वॉटरप्रूफ करून घ्यायला तयार झालेत. नवीन बोर्ड पॅसेजच्या समोरच्या कोरड्या भिंतीवर घेतोय. किटकॅट काढून नवीन डीबी (एमसीबी बसवायचा मेन बोर्ड), आरसीसीबी ३० चा, गीझर आणि वॉशिंग मशीनला वेगळा.

एक शेवटचा प्रश्न. तो म्हणाला की सॉकेटला अर्थची वायर आहे पण खाली मीटर रूमपर्यंत ती जोडलेली आहे का याची खात्री देता येत नाही. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला तर मंद लागतो.

वायरमन_सातारा

मंद लागतो म्हणजे अर्थची वाट कुठेतरी अडतेय, गंजलेली जोड असेल किंवा पट्टी तुटलेली. आरसीसीबी बसवल्यावर टेस्ट लॅम्प फेज-अर्थमध्ये लावू नका, तो पडणारच, आणि ते बरोबरच आहे. मीटर रूममध्ये सोसायटीची अर्थिंगची पट्टी असते, तिथून तुमच्या फ्लॅटपर्यंत नवीन हिरवी वायर ओढून घ्या, भिंती तोडलेल्याच आहेत तर आताच होईल. पाइपात वायर टाकताना सोबत एक मोकळी ओढतारही, म्हणजे पुढे वायर ओढायची तार, सोडायला सांगा. आणि सोसायटीच्या खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्यायला सेक्रेटरींना सांगा, तो टेस्टर परवानाधारक ठेकेदाराकडे असतो. मोजलेला आकडा आणि तारीख मीटर रूमच्या भिंतीवर रंगवून ठेवायला सांगा.

सोनचाफा

सांगते. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, विषयपत्रिकेवर घेतलाय.